गावचं स्टेशन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

छोट्या स्टेशनांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. एकाच विषयावर अनेकांनी लिहिलं होतं तिथे पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : किर्लोस्करवाडी स्टेशनाजवळच्या गावात आम्ही राहतो. शाळेच्या वार्षिक अंकात स्टेशनाचा इतिहास द्यायचा आहे, पण प्रत्येक जण वेगळं साल सांगतो. खरं काय ते कसं शोधायचं? (एक शिक्षिका, ता. पलूस)

आधी एक ठरवा. साल कशाचं हवं आहे? लाइन सुरू झाल्याचं, तुमच्या जागी गाडी थांबू लागल्याचं, आत्ताची इमारत उभी राहिल्याचं की ब्रॉडगेज आल्याचं? ही चार सालं वेगवेगळी असतात. गावात जी भांडणं होतात ती बहुतेक वेळा दोघंही आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे होतात.

पुणे–मिरज लाइन सदर्न मराठा रेल्वे कंपनीने मीटरगेज म्हणून टाकली. १८९० पर्यंत ती पुरी झाली आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत गाडी गेली. १९०८ पासून कंपनीचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा झालं. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ही लाइन दक्षिण रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत, आणि आता ती मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. १९७१ मध्ये मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. मालक इतक्या वेळा बदलल्यामुळे जुने कागद मुंबईतच असतील असं धरून चालू नका. दक्षिणेतल्या कार्यालयांकडेही चौकशी करावी लागेल.

तुमच्या स्टेशनाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याचं मूळ नाव कुंडल रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर कारखाना आणि वसाहत उभी केली, आणि पुढे स्टेशनाला वसाहतीचं नाव मिळालं. म्हणून जुन्या वेळापत्रकांत आणि नकाशांत ‘कुंडल रोड’ शोधा. ‘किर्लोस्करवाडी’ शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही, आणि स्टेशन तेव्हा नव्हतंच असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५ सालचं आहे. तेव्हा ही लाइन पुरी झालेली नव्हती, त्यामुळे स्टेशनाची नोंद त्यात शोधण्यात वेळ घालवू नका. रेल्वेआधी व्यापार कोणत्या रस्त्याने चालायचा हे मात्र त्यात छान मिळेल. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि त्यालाच नंतर सांगली नाव मिळालं, म्हणून त्याआधीचे कागद सातारा या नावाखाली येतात. शिवाय कुंडल औंध संस्थानातलं. संस्थानी गावांच्या नोंदी ब्रिटिश दप्तरात सापडल्या नाहीत तर संस्थानाच्या दप्तराकडे वळा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा आणि फाळणी नकाशा (सर्व्हे नंबराचे पोटहिस्से दाखवणारा) मागा. रेल्वेची हद्द त्यावर असते, आणि कोणत्या सर्व्हे नंबरातून किती जमीन गेली ते कळतं. जमीन कधी घेतली ते साल बहुधा इथेच पक्कं होतं.

जागेवरचे पुरावेही बघा. जुन्या मोऱ्यांवर आणि पुलांवर कधी कधी साल कोरलेलं असतं. रुळाच्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव, साल आणि रुळाचं वजन उठवलेलं असतं. ‘९० आर’ म्हणजे यार्डाला ९० पौंड. आताचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचे. इथे फसगत होते ती अशी : कुंपणाचे खांब म्हणून रोवलेले जुने रूळ दुसरीकडून काढून आणलेले असू शकतात, त्यामुळे रुळावरचं साल म्हणजे स्टेशनाचं साल नव्हे. आणि हे बघायला मुलांना लाइनवर नेऊ नका. परवानगीशिवाय रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. कुंपण आणि फलाट यांवरूनच बघा.

तोंडी आठवणी घेताना तारीख ठाऊक असलेली घटना मधे धरा. तुमच्या भागात अशी एक घटना आहेच : ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या (ब्रिटिशांविरुद्ध इथे चाललेल्या समांतर सरकारच्या) तुफान सेनेने जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली गाडी अडवून रेल्वेच्या पगाराची रोकड ताब्यात घेतली. ‘त्या वेळी स्टेशनाची इमारत कशी होती, दिवे कसले होते, पाण्याची टाकी कुठे होती’ असं विचारलंत, तर घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं नेमकं आठवतं. ‘फार पूर्वी कसं होतं’ असं विचारलं की सगळे काळ एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : स्टेशन गावापासून इतकं लांब का बांधतात? आमचं कऱ्हाड स्टेशन शहरात नाहीच. (एक वाचक, कऱ्हाड)

चढामुळे. स्टेशनाच्या आवारात रूळ जवळजवळ सपाट लागतात. नियमाने ४०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ तिथे चालत नाही आणि शक्यतो १२०० ला १ इतकाच ठेवावा असं सांगितलेलं आहे. जास्त उतार असला तर इंजिनापासून सोडलेला डबा आपोआप घरंगळतो, आणि चढावर उभी राहिलेली भरलेली मालगाडी पुन्हा हलवताना चाकं जागच्या जागी घसरतात. वाफेच्या इंजिनांना हे फारच जड जाई. मालगाडी मावेल असा लूप, म्हणजे मेन लाइनीतून फुटून पुढे तिलाच मिळणारी बाजूची लाइन, घ्यायचा तर सुमारे ७०० मीटर सरळ, सपाट पट्टा हवा, दोन्ही टोकांना सांध्यांसाठी (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते ते रूळ) आणखी जागा हवी. नदीकाठच्या जुन्या गावाजवळ असा पट्टा क्वचितच मिळतो. मग लाइन आपल्या सोयीच्या उंचीवरून जाते आणि गावाच्या वाटेवर स्टेशन पडतं : नाशिक रोड, सावंतवाडी रोड, अक्कलकोट रोड.

मग स्टेशनाभोवतीच नवी वस्ती होते. तुमचं स्टेशन ओगलेवाडीत आहे आणि ओगल्यांचा काचकारखाना १९१६ चा, म्हणजे रेल्वे आल्यानंतरचा. कोळसा आणि कच्चा माल वॅगनमधून उतरवून थेट भट्टीपर्यंत नेता येईल, अशाच जागी काचेचा कारखाना परवडतो.

प्रश्न : कोकण रेल्वेवर आमची पॅसेंजर छोट्या स्टेशनावर वीस-वीस मिनिटं उभी राहते, समोरून एक्स्प्रेस धडधडत जाते, तरी आमची लगेच सुटत नाही. कधी आउटरलाच थांबवतात. यात दिरंगाई किती आणि गरज किती? (लांजा, राजापूर व कणकवली तालुक्यांतील वाचक)

बहुतेक गरजच. रोहा ते वीर एवढा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. तुमच्याकडे अजून एकच लाइन आहे. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम. समोरासमोरच्या दोन गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात.

तुमची गाडी आधी आली असं समजा. ती मेन लाइनवरून लूपमध्ये वळते. १२ ला १ कोनाचा सांधा असेल तर वेग ताशी ३० किलोमीटर, जुना साडेआठला १ असेल तर १५. होम सिग्नलपासून (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलपासून) फलाटापर्यंत साधारण किलोमीटर धरला तर पहिल्याला २ मिनिटं, दुसऱ्याला ४. गाडीचा शेवटचा डबा सांध्याच्या पुरेसा आत आला पाहिजे, नाहीतर तो शेजारच्या लाइनला घासेल. त्यासाठी दोन लाइनींच्या मधे खूण रोवलेली असते. गाडी पूर्ण थांबल्यावर मास्तर समोरच्या गाडीसाठी सांधे लावून, कुलूपबंद करून सिग्नल देतो. दोन्ही गाड्या एकदम आत घेता येत नाहीत, कारण एकीचा ब्रेक थोडा उशिरा लागला आणि ती सिग्नलच्या पुढे सरकली तर थेट दुसरीच्या वाटेत येते. म्हणून सिग्नलपुढे १२० मीटर मोकळे ठेवावे लागतात. जिथे पुढे सरकलेली गाडी अडवायला वाळूचा बंधारा किंवा वेगळी आडलाइन आहे तिथेच दोघींना एकदम घेता येतं. आउटरला उभं राहावं लागतं ते यामुळे. (लोक ज्याला आउटर म्हणतात तो आता बहुतेक ठिकाणी होम सिग्नल असतो.)

मुख्य वेळ जातो तो पुढे. समोरची एक्स्प्रेस पुढच्या स्टेशनावरून निघालेली असते. अंतर १२ किलोमीटर आणि वेग ८० धरला तर तिला ९ मिनिटं लागतात. ती धडधडत गेली तरी काम संपत नाही. तिचा शेवटचा डबा गेला हे मास्तर किंवा पॉइंट्समन डोळ्यांनी बघतो : मागची पिवळी फुली, ‘एल.व्ही.’ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा. ते दिसलं नाही तर तुटलेला डबा मागे राहिला असं धरून सगळं थांबवतात. मग तो तुकडा मोकळा झाल्याची नोंद, पुढच्या मास्तराकडून ‘लाइन क्लिअर’ म्हणजे गाडी पाठवायला संमती, तुमच्या गाडीसाठी सांधे, आणि शेवटी सिग्नल. हे सगळं जोडलं की १५ ते २० मिनिटं होतात आणि त्यात कोणी रेंगाळलेलं नसतं.

अर्धा-पाऊण तास लागला तर मात्र बिघाडाची शक्यता धरा. तुकड्याच्या दोन्ही टोकांना अॅक्सल काउंटर चाकं मोजतात : आत गेली तितकीच बाहेर आली तर तुकडा मोकळा. वीज पडली, पाणी शिरलं, मोजणाऱ्या यंत्रासमोर लोखंडाचा तुकडा आला, की मोजणी चुकते आणि रिकामा तुकडाही भरलेला दिसतो. यंत्र चुकतं ते अशा सुरक्षित बाजूला चुकावं अशीच त्याची रचना आहे. मग दोन्ही मास्तर फोनवर एकमेकांना खाजगी नंबर (संमतीची खूण म्हणून द्यायचा गुप्त आकडा) देऊन-घेऊन, कागदी परवाना लिहून गाडी सोडतात. त्याला वेळ लागतो. मुसळधार पावसात दिसेनासं झालं की ताशी ४० ची मर्यादाही येते, मग पुढचं सगळंच सरकतं.

अलीकडे कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी स्टेशनं मधे घातली ती मुख्यतः या क्रॉसिंगसाठी. तिकीट दिवसाला चारच विकलं गेलं तरी अशा स्टेशनाची लाइनीला गरज असते.

प्रश्न : पूर्वी ड्रायव्हर चालत्या गाडीतून वेताचं कडं उचलायचा. त्यात काय असायचं? (जालना)

चामड्याच्या पाकिटात धातूचा गोळा. दोन शेजारच्या स्टेशनांवर विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रं असत. एका यंत्रातून गोळा काढला की तो पुन्हा कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हींतून दुसरा निघतच नसे. गोळा हातात म्हणजे त्या तुकड्यात आपण एकटे, याची खात्री. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असत आणि ती वाचूनच ड्रायव्हरने पुढे जायचं. दुसऱ्या बाजूचा गोळा चुकून पाकिटात आला तर ती चूक इथेच पकडली जाई. कडं निसटलं तर गाडी थांबवून कोणीतरी मागे जाऊन ते आणायचं. एकाच दिशेने जास्त गाड्या गेल्या की एका यंत्रात गोळ्यांचा ढीग आणि दुसरं रिकामं, मग सिग्नलचा माणूस येऊन नोंद करून गोळे पोचवी.

प्रश्न : आमच्या हॉल्टवर तिकीट देणारा कधी असतो, कधी नसतो. विनातिकीट म्हणून दंड झाला. काय करायला हवं होतं? (दोन वाचक)

हॉल्टवर रेल्वेचा मास्तर नसतो. तिकिटं कमिशनवर विकणारा एजंट असतो. तो जवळच्या मोठ्या स्टेशनावर आगाऊ पैसे भरून तिकिटं आणतो, त्यामुळे साठा संपला किंवा तो आजारी पडला की खिडकी बंद.

अशा वेळी गाडीत चढण्याआधी सर्वांत मागच्या डब्यातल्या गार्डकडे जा (२०२२ पासून त्यांचं पद ‘ट्रेन मॅनेजर’). खिडकी बंद होती हे सांगून परवानगीचा दाखला मागा. दाखला असला की साधं भाडं भरून सुटता. नसला तर भाडं आणि वर किमान २५० रुपये, भाडं त्याहून जास्त असेल तर तेवढी रक्कम. आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट : तुम्ही कुठे चढलात ते सिद्ध करता आलं नाही, तर गाडी जिथून निघाली तिथपासूनचं भाडं धरता येतं. चार स्टेशनांच्या प्रवासाला लांब पल्ल्याचं भाडं लागतं ते यामुळे. मागे धावायला वेळ नसेल तर चढल्यावर तपासनीस येण्याची वाट न बघता आपण होऊन त्याच्याकडे जा.

मोबाइलवर अनारक्षित तिकीट काढणं सोपं आहे, पण ते स्टेशनाबाहेर, घरून निघतानाच काढा. फलाटावर आणि रुळांलगत अॅप सहसा कागदाविना तिकीट देत नाही, आणि हॉल्टवर रेंजही नसते. १९९ किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर प्रवास ३ तासांत सुरू करायचा असतो. फोन बंद पडला तर तिकीट दाखवता येत नाही आणि ते विनातिकीटच धरतात. फोन चार्ज ठेवा.

प्रश्न : एक्स्प्रेसला थांबा मिळावा म्हणून आम्ही तीन ग्रामपंचायतींचे ठराव दिले. काहीच हालचाल नाही. (एक प्रवासी संघटना)

ठरावाला वजन आहे, पण निर्णय होतो तो तिकीटविक्रीवर आणि गाडीच्या वेळेवर. झोनकडून प्रस्ताव जातो, मंजुरी रेल्वे बोर्डाची. थांबा मिळतो तोही बहुधा प्रायोगिक, सहा महिन्यांसाठी, आणि नंतर विक्री बघून पुढचं ठरतं.

अर्जात आमच्या मते ही माहिती हवीच. गाडीचा नंबर आणि हवा असलेला थांबा कोणत्या दिशेला (दोन्हींचा आग्रह धरू नका, एका दिशेला जागा असली तरी सुरुवात होते). शेजारच्या दोन थांब्यांची अंतरं. त्या वेळेच्या दीड-दोन तास आधी-नंतर दुसरी गाडी आहे का. कुणाला लागते : कॉलेज, बाजार, दवाखाना, कारखान्याची पाळी, आणि अंदाजे किती जणांना. फलाटाची लांबी. यातली शेवटची गोष्ट सगळे विसरतात. एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा सुमारे २४ मीटरचा. २२ डबे आणि इंजिन म्हणजे साधारण ५५० मीटर. तुमचा फलाट ३०० मीटर असेल तर बाराच डबे फलाटावर येतील, बाकीचे लोक खडीवर उतरतील. मग फलाट वाढवण्याची मागणी आधी, थांब्याची नंतर, किंवा कमी डब्यांची गाडी निवडा.

दोन मिनिटांचा थांबा गाडीला प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटांना पडतो, कारण वेग उतरवणं आणि पुन्हा धरणं त्यात येतं. फलाट लूपवर असेल तर आणखी. म्हणून ज्या गाडीच्या वेळापत्रकात शेवटी भरपूर ढील (जादा राखलेला वेळ) ठेवलेली आहे ती मागा.

आणि तिकीट तुमच्याच स्टेशनावरून काढा. गावातले निम्मे लोक तालुक्याच्या स्टेशनावरून तिकीट काढत असतील किंवा फोनवर तिथलं नाव निवडत असतील तर तुमच्या स्टेशनाच्या खात्यावर प्रवासीच दिसत नाहीत. नेहमी जाणाऱ्यांनी मासिक पास इथूनच काढावा. महिन्याचा एक पास हिशेबात ५० प्रवासांइतका धरला जातो. दहा जणांनी पास बदलले की आकड्यात फरक पडतो. हा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. अर्जाची प्रत विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांना आणि खासदारांना द्या, पोच घ्या.

प्रश्न : आईला गुडघ्यांमुळे आमच्या फलाटावरून डब्यात चढता येत नाही. फलाट इतका खाली का? (एक वाचक)

फलाट तीन प्रकारचे : रुळाच्या पातळीचा, ४५५ मिलिमीटरचा आणि ७६० ते ८४० मिलिमीटरचा. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या पुढे असते. मधल्या प्रकारच्या फलाटावरूनही आईंना जवळपास ८० सेंटिमीटर पायऱ्यांनी चढायचं आहे, म्हणजे गुडघ्यांना ते अवघडच. उंची वाढवावी असा लेखी अर्ज विभागीय व्यवस्थापकांकडे करा, पण तोवरची सोय अशी. जवळच्या उंच फलाटाच्या स्टेशनावरून निघता येतं का ते बघा. दहा-पंधरा किलोमीटर रिक्षाने गेलेलं परवडतं. इथूनच जायचं असेल तर डबा कुठे येणार ते मास्तरांना आधी विचारा आणि त्याच जागी उभे राहा. साधे डबे टोकांना असतात, तेच फलाटाबाहेर पडतात. आई चढत असताना गार्डला हात दाखवून थांबवा. गार्डने इशारा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. एकाने आधी चढून वरून आधार द्यावा, सामान शेवटी. गाडी हलली तर चढवू नका.

लूपवर मालगाडी उभी असेल तर तिच्याखालून कुणीही जाऊ नये. ती कधी हलेल ते खालून कळत नाही. काही अडचण आली तर १३९ वर फोन करा, आणि जागा सांगताना जवळच्या विजेच्या खांबावरचा नंबर वाचा. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा.

प्रश्न : डाळिंबाचे दहा-वीस क्रेट आमच्या छोट्या स्टेशनावरून मुंबईला पाठवता येतील का? (सांगोला तालुका)

प्रत्येक स्टेशन पार्सलसाठी उघडलेलं नसतं, आणि दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅन (सामानाचा डबा) उघडून क्रेट चढवणं शक्य नसतं. ज्या गाडीला तुमच्याकडे लांब थांबा आहे तीच उपयोगाची. म्हणून सांगोल्यासारख्या स्टेशनावर गोळा करून पाठवणं बरं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे तिथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली होती. प्रवासी म्हणून बरोबर न्यायचं तर साध्या दुसऱ्या वर्गात माणशी ३५ किलो मोफत, त्यावरचं वजन गाडीच्या निदान अर्धा तास आधी नोंदवावं लागतं. क्रेटवर नुसती चिठ्ठी चिकटवू नका, ती ओलीने सुटते. पाठवणाऱ्याचं व घेणाऱ्याचं नाव आणि उतरायचं स्टेशन न पुसणाऱ्या शाईने दोन बाजूंना लिहा, पावतीचा नंबर प्रत्येक नगावर घाला, आणि झाकण दोन दिशांनी बांधा. मुंबईत माल उतरवून घ्यायला माणूस गाडीच्या वेळेला हजर ठेवा. मोफत मुदत संपली की जागेचं भाडं सुरू होतं आणि डाळिंबही पेटीत तापतं.